शिनोळी आणि उद्यमबाग यांच्या मधला प्रबंध

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची अशी गावं मागं टाकत शिनोळी येते. तिथं महाराष्ट्र सुरू होतो. सकाळी या रस्त्यावर दोन्ही दिशांनी मोटारसायकलींची रांग असते. चंदगड तालुक्यातली माणसं डबा बांधून बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या फौंड्र्यांकडं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांकडं निघालेली असतात, आणि आमच्या बाजूच्या खेड्यांतली काही माणसं उलटी शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीकडं. काम दोन्हीकडं तेच: मोल्डिंग, कोअर, फेटलिंग, मशीन शॉप. बोली तीच. पगारात थोडं इकडंतिकडं. कामावरून काढलं तर मात्र कुणाच्या दारात जायचं, किती दिवसांत जायचं आणि काय मागायचं, हे बाचीच्या अलीकडं एक आणि पलीकडं दुसरं.

माझा एलएलएमचा, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीचा, प्रबंध यावर आहे. त्याची गोष्ट लिहायचं कारण एवढंच, की आमच्याकडची बरीच मुलं-मुली आता एलएलएमला जातात, कामगार कायदा हा गट घेतात आणि प्रबंधाच्या वेळी पुण्या-दिल्लीचे विषय शोधत बसतात. विषय उंबऱ्याबाहेर मोटारसायकल चालू करून उभा असतो.

हा विषय काही मला एकटीला सुचला नाही. मी मार्गदर्शक सरांकडं ‘कंत्राटी कामगार कायद्याचा चिकित्सक अभ्यास’ असं घेऊन गेले होते. सर मूळचे धारवाडकडचे, मराठी समजतात, बोलतात मात्र कन्नडमिश्रित इंग्रजी. त्यांनी विचारलं, तुझ्या गावातली माणसं कुठं कामाला जातात? मी सांगितलं. ते म्हणाले, मग एकाच घरातले दोन भाऊ, एक इकडं आणि एक तिकडं, असं असेल की. होतेच. आमच्या गल्लीतच होते. सरांनी तिथल्या तिथं संशोधन आराखड्याचं शीर्षक खोडून नवीन लिहिलं.

हे दोन भाऊ दोन कायद्यांत कसे गेले, तो पहिल्या प्रकरणाचा मजकूर. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं रचली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातला चंदगड तालुका काढून मुंबई राज्यात ठेवला. तो पुढं कोल्हापूर जिल्ह्याला लागला. सीमाप्रश्नावर आमच्याकडं व्हायचं तेवढं बोलून झालेलं आहे. कामगार कायद्याच्या अंगानं त्याच्याकडं पाहिलेलं मला कुठं सापडलं नाही. १९४७ चा औद्योगिक विवाद अधिनियम दोन्हीकडं होताच. पण महाराष्ट्रानं १९७१ साली कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा स्वतःचा कायदा केला आणि १९७५ पासून तो अमलात आणला. त्यानं कामगाराला एक सरळ वाट मिळाली. चुकीच्या पद्धतीनं कामावरून काढलं, तर ९० दिवसांच्या आत थेट कामगार न्यायालयात तक्रार. मध्ये सरकार नाही, समेट अधिकारी नाही. खटला चालू असताना अंतरिम आदेशही मागता येतो. माणसाला वर्षानुवर्षं ‘बदली’ (दुसऱ्याच्या जागी) किंवा ‘हंगामी’ म्हणून राबवून कायम करायचं टाळलं, तर तीसुद्धा अनुचित प्रथा, आणि तिच्यासाठी औद्योगिक न्यायालय.

कर्नाटकात तीच प्रथा औद्योगिक विवाद अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीत अनुचित म्हणून लिहिलेली होती, जवळजवळ त्याच शब्दांत. पण त्यासाठी कामगारानं स्वतः उठून न्यायालयात जायची सोय नव्हती. शिक्षा होती, तर खटला भरायला सरकारची हालचाल हवी. म्हणजे वाक्य तेच, दार नाही. उलट कर्नाटकानं १९८८ साली दुसरीकडं एक दार पाडलं होतं: कामावरून काढलेल्या एकट्या कामगाराला सहा महिन्यांच्या आत थेट कामगार न्यायालयात जाता येईल अशी दुरुस्ती, कलम १० (४-अ). देशाच्या पातळीवर अशी थेट वाट यायला २०१० उजाडलं. आमच्याकडचे लोक ‘महाराष्ट्रात कायदे चांगले’ असं सरसकट म्हणतात, त्यांना मी हे कलम आवर्जून सांगते.

या तुलनेवर मी खूश होते. पहिल्या मसुद्याचा सूर असा होता, की महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा कर्नाटकानं घ्यावा, झालं. सरांनी मसुदा वाचून फक्त एक नाव लिहून दिलं: कान-फ्रॉइंड.

ओटो कान-फ्रॉइंड हे जर्मन ज्यू, बर्लिनच्या कामगार न्यायालयात न्यायाधीश होते. १९३३ साली नाझी सत्तेवर आल्यावर रेडिओतून कम्युनिस्ट ठरवून काढलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाजूनं त्यांनी निकाल दिला, त्यांची स्वतःची खुर्ची गेली आणि ते इंग्लंडला आले. तिथं कामगार कायद्याचा अभ्यास त्यांनी जवळजवळ उभा केला. त्यांचा एक लेख १९७४ सालचा आहे, तुलनात्मक कायद्याचा उपयोग आणि दुरुपयोग यावर. त्यात ते विचारतात, एका देशाचा कायदा उचलून दुसऱ्या देशात बसवणं हे गाडीचा कार्ब्युरेटर बदलण्यासारखं आहे की माणसाचं मूत्रपिंड बदलण्यासारखं? कार्ब्युरेटर कुठल्याही गाडीत चालेल. मूत्रपिंड शरीर नाकारू शकतं. आणि सामूहिक कामगार कायदा हा सगळ्यांत जास्त नाकारला जाणारा अवयव, कारण तो त्या त्या ठिकाणी सत्ता कुणाकडं किती आहे याच्याशी शिवलेला असतो.

लेख इंग्रजीत, जुन्या वळणाचा. मी तो परत परत वाचला. वाचताना शिनोळीच डोळ्यांपुढं येत होती. १९७१ चा कायदा मुंबई-ठाण्याच्या, मोठ्या संघटनांच्या महाराष्ट्रात घडला. मान्यताप्राप्त संघटना हा त्याचा कणा. शिनोळीत मी ज्या कामगारांशी बोलले, त्यांच्यापैकी एकही कुठल्या संघटनेचा सभासद नव्हता. म्हणजे मूत्रपिंड दुसऱ्या देशात न्यायची गरजच नाही. त्याच राज्यात, त्याच कायद्याखाली, चंदगड तालुक्यातच ते नीट चाललेलं नव्हतं.

आणि मग सिप्लाचा निकाल. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं सिप्ला विरुद्ध महाराष्ट्र जनरल कामगार युनियन या प्रकरणात सांगितलं, की मालक आणि कामगार हे नातंच वादात असेल, म्हणजे मालक म्हणत असेल ‘हा माझा नव्हे, ठेकेदाराचा माणूस’, तर १९७१ च्या कायद्याखालची तक्रार चालणार नाही. आधी ते नातं दुसरीकडून सिद्ध करून आणा. दुसरीकडं म्हणजे १९४७ च्या जुन्या कायद्याच्या वाटेनं. शिनोळीत भेटलेली बहुतेक माणसं ठेकेदाराची होती. त्यांच्यापुरती महाराष्ट्राची ती सरळ वाट दारातच बंद. आमच्या गल्लीतले दोघे भाऊ शेवटी एकाच कायद्याच्या एकाच कलमाखाली येऊन उभे राहिले. माझा तुलनेचा डोलारा इथं बसला, आणि प्रबंध खऱ्या अर्थानं इथून सुरू झाला असं मी म्हणेन.

ते कलम म्हणजे २४० दिवसांचं. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम केलं असेल, तर तुमची सेवा अखंड धरली जाते. मग कमी करताना एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागं १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. तो न देता काढलं तर काढणं बेकायदा. कायद्याच्या पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. भांडण वेगळ्याच ठिकाणी असतं: २४० दिवस भरले हे सिद्ध कुणी करायचं?

ग्रंथालयात एलएलजे आणि एफएलआर या कामगार निकाल छापणाऱ्या नियतकालिकांचे जुने खंड काढून बसले, तेव्हा एक गोष्ट मला मजेशीर वाटली. या विषयातले देशभर उद्धृत होणारे निकाल कर्नाटकातून गेलेले आहेत. ‘उद्योग’ कशाला म्हणायचं हे सात न्यायाधीशांनी ठरवलं तो १९७८ चा निकाल बेंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाचा. रोजंदारीवरच्या सरकारी माणसांना कायम करायचं की नाही, हा २००६ चा उमादेवी निकाल कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्यातल्या रोजंदारांचा. आणि २४० दिवसांचे माझ्या कामाचे दोन्ही निकाल इथलेच: रेंज फॉरेस्ट ऑफिसर विरुद्ध एस. टी. हदिमनी (२००२) आणि आर. एम. येल्लट्टी विरुद्ध सहायक कार्यकारी अभियंता (२००५).

हदिमनी निकाल कामगाराला कडू आहे. सिद्ध करायची जबाबदारी कामगाराची. नुसतं प्रतिज्ञापत्र म्हणजे त्याचं स्वतःचंच म्हणणं, तो पुरावा नव्हे. पगाराची पावती आणा, नेमणुकीचा कागद आणा. मालकाचे वकील हा निकाल तोंडपाठ म्हणतात. येल्लट्टीत तीन न्यायाधीशांनी हे तत्त्व मोडलं नाही, पण जरा वाकवलं. जबाबदारी कामगाराचीच, पण तो साक्षीला उभा राहिला, त्यानं हजेरीपट मागवले आणि मालकानं ते सगळे आणलेच नाहीत, तर न्यायालयानं त्या त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीवरून काय समजायचं ते समजावं. त्या माणसाकडं खात्याच्या अभियंत्यानं दिलेला कामाचा दाखला होता आणि खात्यानं पूर्ण काळाचे हजेरीपट हजर केले नव्हते. तो जिंकला.

मी दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले, तर फरक तत्त्वाचा कमी आणि एका दाखल्याचा जास्त. ज्याला साहेबानं कधीतरी चांगल्या मनानं चार ओळी लिहून दिल्या, त्याला न्याय. फौंड्रीतल्या फेटलिंगवाल्याला कोण लिहून देणार?

जुने खंड चाळताना एक नाव सारखं भेटतं, न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर. जन्म साताऱ्याचा, कॉलेजची सुरुवात धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात, आडनाव गजेंद्रगडावरून. पुढं भारताचे सरन्यायाधीश झाले आणि पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष, ज्याचा अहवाल १९६९ चा. ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ करणाऱ्यांनी हे नाव कुठल्या वहीत लिहायचं ते ठरवावं. १९५८ च्या क्राउन अॅल्युमिनियमच्या निकालात त्यांनी म्हटलंय, की कामगाराला किमान वेतनसुद्धा देऊ न शकणाऱ्या उद्योगाला जगायचा हक्क नाही. आजच्या निकालांत अशी वाक्यं शोधावी लागतात. माझ्या प्रबंधात त्यांना एक परिच्छेद मिळाला. सर म्हणाले, भक्ती पुरे, पुढं चल.

पुढं म्हणजे माणसांकडं. आमच्या विषयात नुसते निकाल वाचून प्रबंध लिहिला तर चालतो, आणि बहुतेक तसेच लिहिले जातात. माणसांना भेटून लिहिलं तर ‘हे समाजशास्त्र झालं’ असं ऐकावं लागतं. मला भेटायचंच होतं, कारण छापलेले निकाल म्हणजे जे भांडले आणि वरपर्यंत गेले त्यांचेच. बेळगावच्या माणसाला उच्च न्यायालय म्हणजे धारवाड, ऐंशीएक किलोमीटर. चंदगडच्या माणसाला ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू होईपर्यंत मुंबई. तिथवर न गेलेल्यांचा कायदा कुठल्याच खंडात नसतो.

भेटी सुट्टीच्या दिवशी. उद्यमबागेत आणि आसपास आठवड्याची सुट्टी सगळीकडं एकाच वारी नसते, त्यामुळं माझं वेळापत्रक त्यांच्या सुट्ट्यांवर चालत होतं. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत केलं होतं. त्यावर सही घ्यायची म्हटलं की माणूस मागं सरकायचा. सही करून नडलेली माणसं ही. एकानं सरळ सांगितलं, “बोलतो की गे, पण सही नको. मागच्या वेळेला सही करून घेतल्यान् अन् दुसऱ्या दिशी गेटावरनं परत लावल्यान्.” तो कागद त्यानं दाखवला. कन्नडमध्ये होता. मला शाळेपुरती कन्नड येते. गोकाकच्या मैत्रिणीकडून नीट वाचून घेतला. सर्व देणी मिळाली, स्वखुशीनं काम सोडतो आहे, तक्रार नाही. खाली त्याची मराठी सही. शेवटी सरांच्या परवानगीनं तोंडी संमती चालवली आणि नावं-गावं सगळी बदलली. फोनवर रेकॉर्डिंग कुणालाच नको होतं, मी वहीत लिहून घेत होते.

आणि जवळजवळ प्रत्येकाला माझ्याकडून एकच हवं होतं: ग्रॅच्युइटीचा हिशेब. “किती बसतंय बघ की.” मग मी तो करून द्यायची. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून शेवटचा पगार १३,००० असेल, तर त्याला २६ नं भागायचं, ५०० आले. गुणिले १५, म्हणजे वर्षाला ७,५००. वीस वर्षं झाली असतील तर दीड लाख. कागदावर हे लिहिलं की घरातली बाई चहा ठेवायला उठायची. मग मी विचारायची, पीएफ कुणाच्या नावानं भरला जातो? तिथं गाडी अडायची.

कारण पीएफचं पासबुक काढलं की खरी कुंडली दिसते. यूएएन, म्हणजे कामगाराचा पीएफचा कायमचा नंबर, एकच, पण त्याखाली खाती तीन-चार, प्रत्येक वेगळ्या ठेकेदाराच्या नावावर. माणूस त्याच भट्टीसमोर उभा, वरचा मालक कागदावर बदलत गेलेला. दोन खात्यांच्या मध्ये महिना-दीड महिन्याची मोकळी जागा. “त्या महिन्यात घरी होता का, काका?” “कुठला घरी? कामावरच होतो की.” ग्रॅच्युइटीला पाच वर्षं अखंड सेवा लागत होती; कागदावर त्यांची कुठंच पाच वर्षं होत नव्हती.

पासबुकात महिने दिसतात, दिवस दिसत नाहीत. दिवस सापडले ते दुसऱ्या दोन ठिकाणी, आणि प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यावरच उभं आहे.

पहिलं ठिकाण भिंतीवरचं कालनिर्णय. उचगावच्या बाजूच्या एका घरात वहिनींनी कपाटावरून जुन्या दिनदर्शिकांची गुंडाळी काढली. दुधाचा रतीब, गॅसचा नंबर, शाळेची फी, आणि त्याच चौकोनात नवऱ्याची हजेरी. दिवसपाळीला ‘दि’, रातपाळीला ‘रा’, ओव्हरटाइमला खाली एक रेघ. ठेकेदार पगारात दिवस मारतो म्हणून त्यांनी हे सुरू केलं होतं, न्यायालयासाठी नव्हे. मी विचारलं, हे कुणाला दाखवलं का कधी? “दाखवलं की. हिशेबाच्या वेळेला ठेकेदाराला दाखवलं. तो म्हटला, कॅलेंडर काय सरकारी असतंय काय?”

त्या प्रश्नावर मी बरीच पानं खर्च केली. कामगार न्यायालयाला पुरावा कायद्याचे काटेकोर नियम तसेच्या तसे लागू होत नाहीत. आणि पुरावा कायद्यातसुद्धा साक्षीदाराला घटना घडली त्या सुमारास केलेल्या नोंदीवरून स्मृती ताजी करता येते. दुसऱ्यानं केलेली नोंद त्यानं तेव्हाच वाचून खरी असल्याचं जाणलं असेल, तर तीही चालते. वहिनी पगाराच्या दिवशी त्या नोंदी नवऱ्याला वाचून दाखवत होत्या. येल्लट्टीनंतर ‘नुसतं प्रतिज्ञापत्र नको, आणखी काहीतरी आणा’ असं असेल, तर हे आणखी काहीतरी आहे असं माझं म्हणणं. शिवाय ज्या रविवारचा आणि सणाचा पगार मिळतो तो दिवसही २४० मध्ये धरायचा, हे १९८५ साली अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या निकालात ठरलेलं आहे. मी जमेल तशी बेरीज केली, तर ठेकेदाराच्या हिशेबात कमी भरलेली वर्षं दिनदर्शिकेत पार २४० च्या पुढं जात होती.

दुसरं ठिकाण ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. दरमहा प्रत्येक विमाधारक कामगाराच्या नावापुढं किती दिवसांचा पगार दिला, हे मालकाला किंवा ठेकेदाराला तिथं भरावंच लागतं. म्हणजे ज्या दिवसांवरून न्यायालयात वर्षानुवर्षं वाद चालतो, ते दिवस एका सरकारी यंत्रणेत महिन्या-महिन्यानं नोंदलेले असतात. ज्यांच्या नोंदी मला पाहायला मिळाल्या, त्यांत दिनदर्शिकेपेक्षा दिवस कमी होतेच, भरणारा ठेकेदारच. पण ठेकेदार बदलला तरी विमा क्रमांक तोच राहतो, त्यामुळं माणूस सलग कामावर होता हे तरी त्यातून निघतं. निकालांच्या खंडांत मी हे शोधलं, तर कामगाराच्या वकिलानं ईएसआयची नोंद मागवली असं फार कमी ठिकाणी दिसलं. सगळे मालकाकडंच हजेरीपट मागतात, मालक म्हणतो जळाले, वाळवी लागली, ऑफिस हलवलं. माझा मुद्दा असा, की हजेरी ठेवायचं बंधन कायद्यानं मालकावर आहे, तर ती नसल्याचा तोटाही मालकालाच व्हावा. आणि तोवर न्यायालयानं आपल्या समन्सच्या अधिकारात ही तिसरी नोंद आधी मागवावी.

प्रकरण बऱ्यापैकी जुळलं होतं, तेवढ्यात २१ नोव्हेंबर २०२५ आला. चार श्रम संहिता एका दिवसात लागू. २९ केंद्रीय कायदे त्यांत विरले. माझ्या प्रबंधातला १९४७ चा कायदा, ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा, सगळे. वर्गातल्या ग्रुपवर त्या रात्री कामगार गटाच्या मुलांचे जे संदेश होते ते इथं लिहिण्याजोगे नाहीत. एकीचा प्रबंध बांधणीला गेला होता.

सरांनी शांतपणे सांगितलं, जुनं काही फेकू नकोस. जे हक्क आधी उत्पन्न झाले ते जुन्या कायद्यावरच चालतील, आणि तुझी माणसं सगळी जुन्या कायद्यातली आहेत. खरंच होतं. पण नव्या संहितांचं प्रकरण लिहावंच लागलं, आणि ते घाईचं झालंय हे वाचणाऱ्याला कळेल. त्यातल्या दोन गोष्टी माझ्या विषयाला थेट भिडतात. एक, प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक. हदिमनीला न्यायालयानं मागितलेला कागद आता कायदाच मालकाकडून मागतो. दोन, मुदतीवर नेमलेल्या माणसाला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबायला नको, एक वर्ष पुरे. दुसऱ्या बाजूला, तीनशेपेक्षा कमी माणसं असलेल्या कारखान्याला कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी लागत नाही. आधी हा आकडा शंभर होता. आमच्याकडच्या लहान फौंड्र्यांना तो आधीही लागू नव्हता, त्यामुळं वर्तमानपत्रांतल्या त्या वादाचा आमच्या गल्लीवर काही परिणाम नाही. हे मी प्रबंधात लिहिलं, आणि सरांनी काढायला सांगितलं तरी ते वाक्य ठेवलं.

मौखिक परीक्षेला बहिःस्थ परीक्षक बाहेरगावचे होते. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणं, हा कायद्याचा प्रबंध आहे का? मी चौथं प्रकरण उघडून पुराव्याचं विवेचन दाखवलं. दुसरा प्रश्न मात्र खरा होता. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा त्या २९ मध्ये नाही, तो राज्याचा आहे. मग नव्या संहितेनंतर तो जगला की मेला? संविधानाचं कलम २५४, केंद्राचा आणि राज्याचा कायदा एकमेकांना छेदतात तेव्हाचं. मी म्हटलं, जिथं नवी संहिता तेच क्षेत्र पूर्ण व्यापते तिथं राज्याचा कायदा मागं पडेल, पण अनुचित प्रथेविरुद्ध कामगारानं स्वतः थेट तक्रार करायची वाट संहितेत त्याच रूपात नाही, म्हणून तेवढा भाग टिकतो असा युक्तिवाद करता येईल. ते म्हणाले, “करता येईल, टिकेल की नाही ते न्यायालय बघेल.” आणि हसले. सर माझ्याकडं बघत नव्हते, म्हणजे उत्तर बरं गेलं असावं.

नमुना लहान आहे हा शेरा मिळाला, तो मान्य. दिनदर्शिकेची छायाचित्रं परिशिष्टात टाकली होती, त्यांतला गॅसचा नंबर आणि दूधवाल्याचं नाव झाकायला सांगितलं. झाकलं.

आता चौथ्या प्रकरणाचा स्वतंत्र लेख करते आहे. परिशिष्टात ईएसआयची नोंद मागवण्यासाठी न्यायालयाला करायच्या अर्जाचा नमुना जोडला होता, मराठी आणि कन्नड दोन्हीत, चार पानांचा, निकालांचे दाखले देऊन. कामगारांच्या बाजूनं उभे राहणारे बेळगावचे एक वकील तो वाचायला घेऊन गेले. परत दिला तेव्हा दाखले सगळे काढलेले, अर्ज एका पानावर, कन्नडही त्यांनी सुधारलेली. “मॅडम, न्यायाधीशांना चार पानं वाचायला वेळ कुठला?” लेखात त्यांचाच मसुदा जाणार आहे.